न जोडलेली तार

गेल्या ऑक्टोबरमध्ये खालच्या मजल्यावरील काकूंनी संकोचाने विचारले, “अगं, तुमच्याकडे कुठे पाणी गळतंय का? आमच्या कपाटामागची भिंत ओली झालीय.” मी निःशंकपणे म्हणाले, “नाही हो काकू, पावसाची ओल असेल.” पंधरा दिवसांनी त्यांच्या छताचा गिलावा निखळला आणि दोष आमच्याच घरात असल्याचे उघड झाले. सासऱ्यांच्या खोलीतील एसीचे पाणी उंच कपाटाआडून भिंतीत मुरत होते. आम्हांला त्याचा मागमूसही नव्हता.

एसी हवा गार करतो, तेव्हा हवेतील बाष्पाचे थंड कॉइलवर पाणी होते आणि ते खालच्या तबकात साठते. मुंबईच्या दमट हवेत दीड टनाच्या एसीतून तासाला लिटरभर पाणी सहज निघते. एसी बाहेरच्या भिंतीवर असल्यास ते उताराने वाहून जाते. आमची ती खोली आतल्या बाजूस असल्याने उतार मिळत नाही. म्हणून लहानसा पंप बसविलेला होता. त्याच्या टाकीतील फ्लोट पाण्याबरोबर वर उचलला गेला की पंप सुरू होतो, खाली आला की थांबतो.

मेकॅनिकने टाकी उघडली, तेव्हा तळाशी धुळीचा बुळबुळीत थर साचलेला होता. त्यात फ्लोट वरच अडकून पडला आणि पंप पाण्यावाचून कोरडाच चालत राहून जळाला. त्याहून क्लेशदायक गोष्ट पुढे कळली. पाणी धोक्याच्या पातळीवर गेले की एसीचा कॉम्प्रेसर बंद करणाऱ्या दोन तारा अशा बहुतेक पंपांना असतात. आमच्या पंपाच्या त्या तारा बसविणाऱ्याने चिकटपट्टी गुंडाळून तशाच सोडून दिल्या होत्या. आम्ही कधी विचारले नाही, आणि कोणी सांगितलेही नाही.

नवा पंप घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: पाणी किती उंच चढवायचे, नळी किती लांब न्यायची, आणि त्या उंचीवरही तो तासाला एसीतून निघणाऱ्या पाण्याहून अधिक पाणी उपसतो का. जोडणी जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी आणि धोक्याच्या तारा जोडल्याची खात्री समोर उभे राहून करावी.

त्यानंतरची निगा फार कष्टाची नाही. उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळा सरल्यावर, अशी वर्षातून दोनदा ती घ्यावी. प्रथम एमसीबी बंद करावा. टाकी, जाळी आणि फ्लोट कोमट पाण्याने व भांड्यांच्या साबणाने धुवावेत. आम्ल वा तीव्र ब्लीच वापरू नये. फ्लोटमध्ये लोहचुंबक असल्यास तो पूर्वी होता त्याच बाजूने बसवावा, अन्यथा पंपाला पाण्याची पातळी कळत नाही. नळी कोठे दुमडली वा तुंबली आहे का, तेही पाहावे. एसीची हवेची जाळी दर पंधरवड्यास धुतल्यास टाकीत धूळही कमी उतरते. उपसलेले पाणी फरशी पुसण्यास उपयोगी पडते. पिण्यास मात्र ते कदापि वापरू नये.

काकूंच्या छताचे काम आम्ही आमच्या खर्चाने करून दिले. त्यांनी एक शब्दही दुखावून बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे माझे ते बेफिकीर उत्तर मला अधिकच बोचत राहिले.

यंदा मार्चमध्ये टाकी धुऊन झाल्यावर मेकॅनिकला मी शेवटची परीक्षा घ्यायला लावली. पंप उपसू शकेल त्याहून भरभर त्याने टाकीत पाणी ओतले. पातळी चढली आणि कॉम्प्रेसर आपोआप थांबला. मग मी जिना उतरून काकूंना ते सांगून आले.