फ्रीगंजातून एक मुक्त नियतकालिक

परिभाषा नाही म्हणून संगणकशास्त्र मराठीत लिहिता येत नाही, असे आम्हां उज्जैनच्या फ्रीगंजातील मराठी भाषकांना वारंवार ऐकवले जाते. आमचे म्हणणे नेमके उलट आहे: लिहावयास जागाच नाही, मग परिभाषा घडणार कोठे?

अशी जागा परवडत नाही, हा दुसरा बहाणा. २००१ साली ‘मशीन लर्निंग’ या नियतकालिकाच्या सुमारे चाळीस संपादकांनी त्याच्या चढ्या वर्गणीला कंटाळून राजीनामे दिले आणि ‘जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च’ची पाठराखण केली. तेथे वाचकाकडून पैसा घेत नाहीत, लेखकाकडूनही नाही. परीक्षण विद्वान विनामोबदला करतात (महागड्या नियतकालिकांसाठीही ते तसेच करीत असतात!), मांडणी लेखक स्वतः करून देतो. आज त्याचा दर्जा अव्वल मानला जातो.

आपल्या शासनाने मात्र ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीस प्रकाशकांच्या वर्गणीपोटी तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. लाभ शासकीय संस्थांना. खासगी महाविद्यालयातील अध्यापक दाराबाहेरच.

म्हणून आम्ही परीक्षित, मोफत मराठी नियतकालिकाची मागणी करतो. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एक शब्द यंत्राने कसा फोडावा? २०१४ मध्ये युनिकोडात आलेली मोडी यंत्राने कशी वाचावी? हे प्रश्न इंग्रजी संपादकाला किरकोळ वाटतील. बेळगाव, बिदर, इंदूर, उज्जैन येथील अध्यापकांना ते वाटू नयेत. त्यांनी संपादक मंडळासाठी आपली नावे कळवावीत. पहिल्या अंकाचे लेखन आम्ही येथून आरंभतो.