पाठीमागचा टेका

मोटारसायकल ही आता खेड्यातील कुटुंबास चैनीची वस्तू राहिलेली नाही. एके काळी जे काम बैलगाडी करीत असे, तेच काम ती करते. आजीला रविवारच्या मिस्साला पोचविणे, गरोदर सुनेला दवाखान्यात नेणे, बाजारहाट करणे, नातलगांच्या सुखदुःखात वेळेवर हजर होणे, ही सर्व कामे तिच्यावरच होतात. साहजिकच मागे बसणाऱ्याच्या पाठीस काही आधार असावा, असे घरच्यांना वाटू लागते. मग कोणीतरी पाठीचा टेका, ज्याला गॅरेजवाले बॅकरेस्ट म्हणतात, विकत आणतो आणि हाताशी असतील ते दोन-चार बोल्ट लावून तो आवळून टाकतो. गादी मऊ आहे, नळी चकचकीत आहे, एवढे पाहून घरातील मंडळी समाधान पावतात. बोल्ट मात्र कोणी पाहत नाही.

येथेच आमचे सांगणे आहे. ज्याच्या पाठीमागे काही नसते, तो मनुष्य सावध राहतो आणि हाताने धरून बसतो. पाठीस टेका लागला की तो हात सोडतो आणि निर्धास्त होतो. म्हणून कच्चा टेका हा मुळीच टेका नसण्यापेक्षा वाईट होय. जो आधार आपण दुसऱ्यास देतो, तो खरा असला पाहिजे.

टेक्यावर भार किती येतो, हे साध्या हिशोबाने कळते. समजा, दोन बोल्टांत सहा सेंटिमीटरांचे अंतर आहे आणि मनुष्याची पाठ त्यांच्यापासून तीस सेंटिमीटर उंचीवर टेकते. पाठीचा जोर अवघा वीस किलोंचा असला, तरी तरफेच्या नियमाने तो पाचपट होऊन बोल्टावर शंभर किलोंची ओढ पडते. खड्ड्यात चाक आदळले म्हणजे तीच ओढ क्षणभर कितीतरी वाढते. बेळगाव-खानापूरकडील आमचे जे वाचक 3 डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या सणाला चोर्ला घाटाने जुन्या गोव्यास जातात, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. चढणीवर मागच्या माणसाचे अंग आपोआप मागे सरकते आणि हा सारा भार टेक्यावर जातो.

आता बोल्टाकडे वळू. त्याच्या डोक्यावर 8.8 असे आकडे कोरलेले असावेत. असा बोल्ट तुटण्यापूर्वी दर चौरस मिलिमीटरला सुमारे ऐंशी किलोंची ओढ सोसतो, 4.6 ह्या साध्या प्रतीचा बोल्ट त्याच्या निम्मीच सोसतो. ज्याच्या डोक्यावर काहीच आकडा नाही, तो बोल्ट टेक्यासाठी घेऊ नये. चकचकीत स्टेनलेसच्या बोल्टाला गंज लागत नाही हे खरे. पण बाजारात नेहमी मिळणारा स्टेनलेस बोल्ट ताकदीत 8.8 पेक्षा उणाच असतो. दिसण्यावर भुलू नये.

दुसरी गोष्ट लांबीची, आणि चूक बहुधा येथेच होते. टेक्याची लोखंडी पट्टी कंपनीच्या जुन्या बोल्टाखालीच बसविली जाते. ती पट्टी पाच मिलिमीटर जाड असली, तर जुना बोल्ट आत तेवढाच कमी जातो. आठ मिलिमीटरच्या साध्या बोल्टाचे आटे एकमेकांपासून सव्वा मिलिमीटरवर असतात. म्हणजे पकडीतले चार आटे गेले! बोल्ट वरून घट्ट दिसतो, पण आत दोन-तीन आट्यांवरच लोंबकळत असतो. पोलादात बोल्टाच्या जाडीइतका तरी भाग आट्यांत गेला पाहिजे, आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये जाडीच्या दीडपट. तेव्हा पट्टी जितकी जाड, तितका बोल्ट लांब घ्यावा. मात्र फार लांबही नको. आत निघालेले टोक टायरला, मडगार्डला किंवा मागील दिव्याच्या तारेला घासता कामा नये. दोघे जण बसले म्हणजे मागचे चाक किती वर येते, हे पाहूनच लांबी ठरवावी.

तिसरी गोष्ट आट्यांच्या जातीची. जुन्या बुलेटच्या अनेक बोल्टांना इंची आटे असतात. पाच-सोळांश इंचाचा बोल्ट आणि आठ मिलिमीटरचा बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, परंतु एकाच्या जागी दुसरा बसत नाही. दोन फेरे जातो आणि अडतो. अशा वेळी पान्याने जबरदस्ती केली की आटे कायमचे जातात. म्हणून जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जावे आणि त्याच जातीचा, हवा तितका लांब बोल्ट मागून घ्यावा.

बसविण्याची रीत अशी. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. सर्व बोल्ट प्रथम हाताने चार-पाच फेरे फिरवून लावावेत; पाना नंतर. पट्टी आणि गाडीचा सांगाडा ह्यांत फट राहत असेल, तर बोल्ट आवळून पट्टी वाकवू नये. त्या मापाचा पोलादी बुश मध्ये घालावा. बोल्टाच्या डोक्याखाली सपाट वॉशर असावा. मागे नट असल्यास तो नायलॉनच्या कड्याचा घ्यावा, म्हणजे गाडीच्या थरथरीने तो सुटत नाही. एक बोल्ट पुरता आवळून दुसऱ्याकडे जाऊ नये. सर्व थोडेथोडे, आळीपाळीने आवळावेत. आठ मिलिमीटरच्या 8.8 बोल्टास पोलादी आट्यांत सर्वसाधारणपणे पंचवीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाशी दहा किलोंचा जोर पुरतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये तो कमी हवा. गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल, तर तोच प्रमाण मानावा. सांगाड्याला भोके पाडणे किंवा वेल्डिंग करून टेका डकविणे सर्वस्वी टाळावे. त्याने मूळ सांगाडाच दुबळा होतो.

काम झाल्यावर टेक्याचा माथा दोन्ही हातांनी धरून हलवावा. हलली तर सारी गाडी हलावी, एकटा टेका हलू नये. मग बोल्टाच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, हे लहान मुलालाही कळेल. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर, आणि पुढे दर महिन्यास, पाना लावून पाहावे.

टेका कोठवर उपयोगी, हेही सांगितले पाहिजे. पाय दोहोंकडे टाकून बसणाऱ्याच्या कमरेस तो आधार देतो. लुगडे किंवा साडी नेसून एका बाजूस बसणाऱ्या भगिनीच्या पाठीस तो लागतच नाही. तिला धरावयास दांडी हवी. पुष्कळ ठिकाणी टेका लावण्यासाठी कंपनीची दांडी काढून टाकतात, हे सर्वथा गैर आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धरावयाची पक्की मूठ, पाय ठेवावयाची जागा आणि वस्त्र चाकात जाऊ नये म्हणून निम्म्या चाकावरील आवरण ही तिन्ही असलीच पाहिजेत. टेका आला म्हणून शिरस्त्राण सुटले असेही नाही, आणि मागे एकाऐवजी दोघांना बसविण्याची मुभाही मिळत नाही. लहान मुलास टेक्याला बांधून नेण्याचा विचार तर मनातही आणू नये. 2022 साली काढलेल्या नियमाने चार वर्षांखालील मुलास खास पट्ट्यांनी चालकाच्या अंगाशी जोडावयाचे असते, त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण हवे, आणि वेग ताशी 40 किलोमीटरांवर नेता येत नाही.

संत ख्रिस्तोफर हे प्रवाशांचे आणि वाहनचालकांचे आश्रयदाते. त्यांचे पदक पुष्कळांच्या किल्लीला अडकविलेले असते. परंपरेने चालत आलेल्या कथेत त्यांनी बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार केली. आपल्या खांद्यावर कोण आहे, हे त्यांना पलीकडे पोचेपर्यंत ठाऊक नव्हते. आपल्या पाठीमागे कोण बसले आहे, हे तर आपल्याला पक्के ठाऊक असते: आपली आई, आपली पत्नी, आपले लेकरू. त्यांनी आपल्यावर टाकलेला विश्वास त्या दोन-चार बोल्टांवर उभा असतो. तेव्हा घरातून निघताना क्रूसाची खूण अवश्य करावी. आणि तत्पूर्वी मागे वाकून रंगाची रेघ जागेवर आहे की नाही, तेवढे पाहून घ्यावे.