फोटोखाली नाव कुणाचं?

दुष्काळाचा फोटो कसा असतो हे जालना जिल्ह्यातल्या पोरापोरींना वेगळं सांगायला नको. भेगाळलेली जमीन, डोक्यावर हंडा, सुरकुतलेला चेहरा, आणि शक्यतो कृष्णधवल. २०१२-१३ मध्ये मोसंबीच्या बागा वाळून त्यांचं सरपण झालं, तेव्हा बाहेरून आलेल्या कॅमेऱ्यांनी हेच टिपलं. आता तेच आपण मोबाइलवर काढतो, फिल्टर लावतो आणि खाली लिहितो, 'जगणं'.

माझं भांडण फोटोशी नाही, त्याच्या खालच्या ओळीशी आहे. तिथे फोटो काढणाऱ्याचं नाव असतं. आजी मात्र नुसती 'वृद्ध शेतकरी महिला'.

ही खोड थोरामोठ्यांपासूनची. डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात 'मायग्रंट मदर' टिपली. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी एक; फोटोग्राफीच्या कुठल्याही जाड पुस्तकात सापडेल. लँगने त्या बाईला नाव विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं थेट १९७८ मध्ये, आणि तेव्हा ती म्हणाली की या फोटोतून मला एक छदाम मिळाला नाही. गंमत म्हणजे याच लँगने १९३९ मध्ये पॉल टेलरसोबत केलेल्या पुस्तकात फोटोंसोबत लोकांचे स्वतःचे शब्द छापले. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं : चेहरा एकीचा नसतो, सगळ्यांचा असतो, नावाने कला लहान होते. बरं. मग फोटोग्राफरचंही नाव काढून टाका. बघू किती जण तयार होतात! जिला नाव द्यायचं नसेल तिचं देऊ नका, पण तिला विचारलं तर पाहिजे.

दुसरा राग पुस्तकांवर. हजारोंच्या किमतीची, गुळगुळीत कागदाची, इंग्रजी मजकुराची ही पुस्तकं मुंबई-दिल्लीत प्रकाशित होतात. ज्यांचे चेहरे आत आहेत त्यांच्या गावाचा रस्ता त्या पुस्तकांना माहीत नसतो. पी. साईनाथांनी ग्रामीण बायांच्या श्रमांवरचं फोटोप्रदर्शन बसस्टँडवर, कारखान्यांच्या दारात, गावांत नेलं. 'दिसणारं काम, न दिसणाऱ्या बाया' असा त्याचा विषय. त्यांनीच २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी'वर फोटोखाली माणसांची नावं असतात, गावं असतात, आणि ते मराठीत फुकट वाचता येतं. मुंबईच्या सफाई कामगारांवर सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षं काम केलं, मग पुस्तक केलं. आपल्याला एका दुपारीत 'सीरिज' हवी असते.

'जालना सोने का पालना' म्हणणाऱ्या या शहरात स्टील आहे, बियाणं आहे. मग एसटी स्टँडच्या भिंतीवर आपल्याच ऊसतोड कामगारांचे, नावानिशी लावलेले वीस फोटो का नसावेत? त्याला गॅलरी लागत नाही, अनुदानही लागत नाही.

आणि त्या आजीला एक प्रिंट नेऊन द्या. चहा-वड्याच्या पैशात निघते. मंठ्याच्या बाजारात ती पुन्हा भेटेलच.