रुग्णाचे गुपित आणि आपला पेनड्राइव्ह



काही महिन्यांपूर्वी एका वैद्यमित्रास व्याख्यानाच्या स्लाइड्स देण्यासाठी मी माझा पेनड्राइव्ह दिला. तत्पूर्वी त्यावरील चिकित्सालयाच्या सर्व फाइल्स 'डिलीट' केल्या होत्या. दोन दिवसांनी मित्राचा दूरध्वनी आला. त्याच्याकडून स्लाइड्स चुकून पुसल्या गेल्या होत्या. त्या परत मिळवण्यासाठी त्याच्या मुलाने एक मोफत प्रोग्रॅम चालवला, तेव्हा स्लाइड्सबरोबर माझ्या वंध्यत्वाच्या रुग्णांचे केसपेपरही पडद्यावर उमटले. मित्र सज्जन, त्याने ते तत्काळ बंद केले. परंतु त्यातील काही दांपत्ये त्याच्याच गल्लीत राहतात, हे आठवून मला त्या रात्री झोप लागली नाही.

असे का घडते? 'डिलीट' केल्याने केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते, मजकूर जागेवरच राहतो. 'क्विक फॉरमॅट'नेही याहून फारसे वेगळे होत नाही. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हे शमन झाले, शोधन नव्हे. दोष लीन होऊन राहिला आहे, निमित्त मिळताच तो प्रकट होणार.

मग शोधन कसे करावे? प्रथम आवश्यक नोंदींची दुसरी प्रत सुरक्षित आहे आणि कायद्याने जपावयाच्या नोंदी त्यात नाहीत, याची खात्री करावी. त्यानंतर विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'समोरील खूण काढावी. व्हिस्टापासूनच्या आवृत्त्यांत असे पूर्ण फॉरमॅट संपूर्ण ड्राइव्हवर शून्ये लिहिते. यास वेळ लागतो, तो द्यावा. एखादीच फाइल 'श्रेड' करणाऱ्या प्रोग्रॅमवर मात्र पेनड्राइव्हच्या बाबतीत विसंबू नये. चिपची झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून तिचा नियंत्रक नवे लेखन अनेकदा दुसऱ्याच कप्प्यात करतो आणि जुने तसेच उरते. याच कारणाने पूर्ण फॉरमॅटनंतरही राखीव कप्प्यांत थोडा अंश शिल्लक राहू शकतो.

म्हणूनच निदानपरिवर्जन श्रेष्ठ. नवा पेनड्राइव्ह वापरात आणतानाच तो बिटलॉकर अथवा मोफत मिळणाऱ्या व्हेराक्रिप्टने कूटबद्ध करावा. मग तो हरवला तरी सबळ परवलीच्या शब्दावाचून त्यातील काही वाचता येत नाही. जुना, निकामी झालेला ड्राइव्ह भंगारात देऊ नये. त्याचे केवळ आवरण वा टोक मोडून भागत नाही, आतील चिपचाच चुरा करावा.

"आमच्या लहानशा दवाखान्याच्या फाइल्स कोण पाहणार?" असे काही बंधू म्हणतील. माझा अनुभव उलट आहे. अनोळखी चोराला आपल्या रुग्णांत स्वारस्य नसते, ओळखीच्या माणसाला असते. लहान गावात एक नाव पुरे. औषधनिर्मात्या बंधूंच्या पेनड्राइव्हवर तर कल्पांचे पाठ, घटकद्रव्यांची प्रमाणे, वितरकांचे दर असतात, आणि तोच ड्राइव्ह लेबल छापण्यासाठी छापखान्यात फिरतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. परंतु दंडाच्या भयाने आपण हे करावे, असे मला वाटत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याची आज्ञा आहे. ती आज्ञा जिभेपुरती नाही. आपल्या खिशातील पेनड्राइव्हही आता बोलतो.

संघटनेने आपल्या प्रत्येक निरंतर शिक्षण कार्यक्रमात अर्धा तास या विषयाच्या प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. हे काम संगणक दुरुस्त करणाऱ्यावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. रुग्णाने विश्वास ठेवला तो आपल्यावर, त्याच्यावर नव्हे.