प्रश्न इथलाच घ्या

29 डिसेंबर 1945 रोजी अमळनेरात एक कंपनी सुरू झाली. तेलापासून वनस्पती तूप करायचं, हा तिचा धंदा. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचं लांबलचक नाव. 1966 साली संस्थापक प्रेमजी वारले, तेव्हा मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता, वय अवघं एकवीस. तो परतला आणि तेल-साबणाचा कारभार त्याने अंगावर घेतला. पुढे आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला. ती मोकळी झालेली जागा हेरून ऐंशीच्या दशकात हीच कंपनी विप्रो या नावाने संगणकाच्या धंद्यात उतरली. तिचे जुने शेअर जपून ठेवलेली घरं अमळनेरात आजही आहेत.

देशातल्या एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीचं मूळगाव असं आपल्या खान्देशात आहे. आणि खान्देशातला संगणक अभियंता मात्र निकाल हातात पडताच पुण्याची ट्रॅव्हल्स पकडतो. त्याने जाऊ नये, असं आम्ही म्हणणार नाही. पोटासाठी सुरत, पुणे, मुंबई गाठणं खान्देशाला नवं नाही. पण जाण्याआधीच्या चार वर्षांत तो इथे काय शिकतो, हा प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग संगणक अभियांत्रिकीच्या शिक्षणाला दिला, तो म्हणूनच.

एक काळ असा होता, की इंजिनिअर व्हायचं तर पुणे, मुंबई नाहीतर सांगली गाठावी लागे. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी बांभोरीला आणि धुळ्याला अभियांत्रिकी महाविद्यालयं उभी राहिली, पाठोपाठ फैजपूरला आणि पुढे शिरपूरलाही. 1990 साली जळगावला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं, 1996 साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. शाळेची पायरी न चढलेल्या कवयित्री बहिणाबाईंचं नाव 2018 साली त्या विद्यापीठाला लाभलं. 2024 मध्ये सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. यावलच्या किंवा शिंदखेड्याच्या मुलीसाठी दार एवढं उघडलं, ही मोठी कमाई आहे. ती मिळवून देणाऱ्यांचे उपकार विसरून चालणार नाही.

पण दारातून आत गेल्यावर काय? सीईटीचा निकाल लागला, की कॅप राउंडच्या फॉर्मवर पहिल्या पसंतीला कॉम्प्युटर, मग आयटी, मग एआय, सिव्हिल-मेकॅनिकल तळाशी. 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने एका शाखेच्या जागांवरची मर्यादा चांगल्या महाविद्यालयांसाठी उठवली आणि या ओढीला आणखी जोर आला. जागा वाढवणं सोपं असतं, शिकवणारी माणसं उभी करणं अवघड. कुठे तासिका तत्त्वावरचा शिक्षक तीन-तीन विषय ओढतो आणि मुलं सबमिशनच्या आठवड्यात एकमेकांच्या फायली उतरवतात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तर तयार विकत मिळतो. सोनेरी अक्षरांची बांधणी होते, आणि तोंडी परीक्षेत ‘हा टेबल असा का बनवला’ असं विचारलं, की गटातली चौघंही एकमेकांकडे बघतात.

यात नुकसान कशाचं होतं? नुसता प्रोग्राम चालवून दाखवणं म्हणजे अभियांत्रिकी नव्हे. तो किती वेळ घेईल, किती मेमरी खाईल, दहा हजार माणसं एकदम आली तर टिकेल का, वीज गेली तर नोंद शाबूत राहील का, आणि चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर पडेल, हे आधी बघणं म्हणजे अभियांत्रिकी. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, कंपायलर हे विषय त्यासाठीच ठेवले आहेत.

अगदी छोटा प्रयोग सांगतो. सी भाषेत ‘जळगाव’ या शब्दाची लांबी मोजायला सांगा. डोळ्यांना अक्षरं चार दिसतात, यंत्र सांगतं पंधरा. कारण युनिकोडमध्ये ‘गा’चे दोन भाग होतात, ग वेगळा आणि काना वेगळा, म्हणजे झाले पाच. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक भागाला तीन बाइट लागतात. पाच त्रिक पंधरा. ‘धुळे’ची अक्षरं दोन, उत्तर बारा. आता गावाचं नाव कोणी दहाव्या बाइटवरच तोडलं, तर ‘जळग’ उमटेल आणि पुढे काना तुटून भलतंच चिन्ह येईल. हा घोटाळा ज्या मुलीने स्वतः एकदा निस्तरला, ती मेमरी म्हणजे काय हे जन्मात विसरणार नाही. तिला हा धडा आपल्याच गावाच्या नावाने दिला.

खान्देशात असे धडे जागोजागी आहेत. रावेर-यावलच्या केळीवर करपा पडतो. पानाच्या फोटोवरून तो वेळेत ओळखता येईल का? केळीचा फळपीक विमा हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरतो. त्या केंद्रातलं तापमान आणि चार कोसांवरच्या बागेतलं तापमान यांत फरक किती पडतो? जळगावच्या डाळ मिलमध्ये खडा आणि डाळ कॅमेऱ्याने वेगळी कशी करायची? धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातली मोडी कागदपत्रं यंत्राला वाचता येतील का? आणि आजीची अहिराणी फोनला कळेल, इतकं ध्वनिमुद्रण कोण जमवणार? यातला एकही प्रश्न तयार प्रोजेक्ट विकणाऱ्याच्या दुकानात मिळत नाही. आता कोड लिहून देणारी एआयची साधनं प्रत्येकाच्या हाताशी आली आहेत. अशा वेळी बागेत जाऊन, मिलमध्ये उभं राहून प्रश्न नीट समजून घेणाऱ्याचीच किंमत राहील.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक गटाला खान्देशातला एक खरा प्रश्न द्यावा आणि तो ज्याचा आहे, त्या शेतकऱ्याला, कारखानदाराला तोंडी परीक्षेला बोलवावं. उद्योजकांनी मुलांना सुट्टीत कामावर घ्यावं, नुसतं प्रमाणपत्र देऊन बोळवण करू नये. आणि आईबापांनी दिवाळीला घरी आलेल्या लेकराला ‘पॅकेज किती?’ हे विचारण्याआधी ‘यंदा काय बनवलंस?’ हे विचारावं.

चौथी विनंती पुण्या-बंगळूरूहून सणाला गावी आलेल्या आमच्या वाचकांना. भाऊबीज झाली की एक दिवस आपल्या जुन्या महाविद्यालयात जा. धाकट्यांचा कोड वाचा, चुका दाखवा, परत गेल्यावरही फोन उचला. अमळनेरात तेलाच्या गिरणीतून एवढं उभं राहिलं. आज इथे विद्यापीठ आहे, महाविद्यालयं आहेत, शिकायला आसुसलेली हजारो मुलं आहेत. त्यांना प्रश्न आणि पाठीवर हात, दोन्ही आपणच द्यायचे आहेत.



– संपादक