आयसीयू कोणाला, वॉर्ड कोणाला? रक्ताची तपासणी सांगू शकते

कोरोनाच्या साथीत ‘डी-डायमर’ हा शब्द आपल्या वस्त्यांत घरोघरी पोहोचला. रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकली तर माणूस दगावू शकतो, हे लोकांना कळले. साथ ओसरली, पण हा आजार राहिलाच. तो आधीही होता. पायाच्या खोल शिरेत गुठळी धरते, सुटते आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते. डॉक्टर याला पल्मनरी एम्बॉलिझम म्हणतात. मोठ्या ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर, पाय मोडून अंथरुणाला खिळल्यावर आणि कॅन्सरमध्ये याचा धोका वाढतो. एकाएकी दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, एकच पाय सुजणे, चक्कर येऊन पडणे ही त्याची लक्षणे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून ती अंगावर काढू नका.

आज आम्हाला बोलायचे आहे ते निदानानंतरच्या प्रश्नावर. सीटी स्कॅनमध्ये गुठळी दिसली; आता रुग्णाला आयसीयूत ठेवायचे, साध्या वॉर्डात ठेवायचे, की गोळ्या देऊन लवकर घरी सोडायचे? हातावर पोट असलेल्या घरासाठी हा प्रश्न जिवाचा आहे, तसाच कर्जाचाही आहे.

इथे डी-डायमर फारसा उपयोगी नाही. संशय कमी असताना तो कमी आला, तर गुठळी नाही असे म्हणता येते. जास्त आला तर मात्र गुठळी आहेच असे नाही; गरोदरपणात, वाढत्या वयात, जंतुसंसर्गातही तो वाढतो. पुढचा धोका जोखायला दोन वेगळ्या तपासण्या आहेत. फुप्फुसाकडे रक्त ढकलण्याचे काम हृदयाची उजवी बाजू करते. पुढची वाट तुंबली की ती ताणली जाते आणि रक्तात बीएनपी वाढते. ताण इतका झाला की हृदयाच्या स्नायूला इजा होते, तेव्हा ट्रोपोनिन वाढते. रुग्ण बोलतोय, रक्तदाब ठीक आहे, तरी आत हृदय थकत चालले आहे, हे या तपासण्यांतून कळू शकते.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पीथो’ या अभ्यासात असेच सुमारे एक हजार रुग्ण घेतले होते. रक्तदाब ठीक, पण उजव्या हृदयावर ताण आणि ट्रोपोनिन वाढलेले. निम्म्यांना नेहमीच्या हेपॅरिनबरोबर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले. सात दिवसांत मृत्यू किंवा रक्तदाब कोसळणे हे शंभरात ५.६ वरून २.६ वर आले. पण पक्षाघात ०.२ वरून २.४ वर गेला. म्हणून आज अशा रुग्णाला सरसकट ते इंजेक्शन देत नाहीत. हेपॅरिन चालू ठेवून पहिले काही दिवस त्याच्यावर बारीक नजर ठेवतात आणि प्रकृती ढासळली तरच पुढचे पाऊल उचलतात. रक्तदाब आधीच कोसळलेला असेल, तर मात्र या रिपोर्टसाठी थांबायचे नसते.

आकडा वाढला म्हणजे मरण ठरले, असे मुळीच नाही. किडनीच्या आजारात, जुन्या हृदयरोगात हे आकडे एरवीही वाढलेले असतात. म्हणून वय, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि इको यांच्याबरोबरच रिपोर्ट वाचायचा असतो. हे सगळे ठीक असेल, तर आयसीयूची गरज सहसा नसते.

आमचे म्हणणे असे की, प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ट्रोपोनिनची तपासणी चोवीस तास आणि मोफत हवी. कोणी म्हणेल, आधी डॉक्टर द्या, मग तपासण्या. डॉक्टर तर हवेतच. पण १०८ च्या गाडीतून कोणाला तातडीने शहरात हलवायचे, हे ठरवायला डॉक्टरच्याही हाती काहीतरी हवे. थेंबभर रक्तावर पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारे ट्रोपोनिन कार्ड मिळते. हार्ट अटॅक ओळखायलाही तेच लागते, म्हणजे खर्च एका आजारापुरता नाही.

तोवर आपण काय करावे? संशय दाट असेल तर रिपोर्टची वाट पाहत हेपॅरिन थांबवू नये, हे डॉक्टरांशी बोलावे. आयसीयू सांगितले तर विचारावे : हृदयावर ताण आहे का, ट्रोपोनिन किती आले, इको झाला का? आयसीयू नको म्हटले तरी हेच विचारावे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे. पैसे आहेत म्हणून आयसीयू आणि नाहीत म्हणून घर, असे होता कामा नये. खाट कोणती, हे रुग्णाच्या हृदयाची अवस्था पाहून ठरले पाहिजे.