जळाला की जाळला?

आमच्या माणदेशातल्या गावात चावडीमागे एक मोकळे जोते आहे. त्यावर बाभळी माजल्या आहेत. लहानपणी आम्ही तेथे विटीदांडू खेळलो. हा वाडा कुणाचा, असे विचारले की म्हातारी माणसे एवढेच सांगतात, "४८ सालात जळाला बाबा!" विषय तेथेच संपतो. जळाला म्हटले की जाळणारा कुणी उरतच नाही.

३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसे याने गांधीजींचा खून केला. मारेकरी ब्राह्मण, एवढ्याच कारणाने पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे पेटवली गेली. माणदेशही सुटला नाही. याच मातीतल्या व्यंकटेश माडगूळकरांनी त्यावर 'वावटळ' ही कादंबरी लिहिली. कादंबरी आपण वाचतो, पण गावाच्या इतिहासात ते पान कोरेच आहे.

आटपाडीचा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. त्या औंधने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने रयतेच्या हाती कारभार दिला. स्वतंत्रपूरला कैद्यांना भिंतींवाचून, विश्वासावर ठेवले. त्याच मुलखात गांधीजींच्या नावाने शेजाऱ्याच्या घराला काडी लागावी, याची आपल्याला लाज वाटायला हवी.

कुणी म्हणेल, जुनी राख कशाला उकरता? सावकारी, कुळांची पिळवणूक, शिवाशीव यांचा राग साचला होताच. खरे आहे, आणि तेही लिहिलेच पाहिजे. परंतु कारण सांगणे वेगळे, समर्थन करणे वेगळे. सावकार कोण आणि गरीब भिक्षुक कोण, हे आगीने पाहिले नाही. तसेच गाव सोडून गेलेल्यांनीही केवळ आपलीच राख मोजू नये. वेशीबाहेरच्यांनी पिढ्यान्पिढ्या काय सोसले, तेही त्यांनी आठवावे.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, त्याचे नाव सत्य आणि सलोखा आयोग. आधी सत्य, मग सलोखा! आपण मात्र गप्प बसण्यालाच सलोखा समजलो.

ते दिवस पाहिलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. सुट्टीत गावी गेल्यावर आपण वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, असे मला वाटते. सूड उगवण्यासाठी नव्हे. कुणी जाळले ते ऐकावे, तसेच कुणी शेजाऱ्याला आपल्या घरात लपवले तेही ऐकावे. आणि लिहिताना 'वाडा जळाला' असे न लिहिता 'आमच्या गावाने जाळला' असे लिहावे.